पोखरलेल्या दाढेचे बळ



वसंत व्याख्यानमाला म्हटली की श्रोत्यांची अपेक्षा साहित्याची, इतिहासाची, फार तर राजकारणाची असते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा पाडली, तेव्हापासून संतवाङ्मयावर आणि मराठेशाहीवर किती व्याख्याने झाली याची गणती नाही. दाढेवर मात्र फारशी झाली नसावीत. असे असता मोखाड्यात येऊन दाढेवर बोलायचे आम्ही ठरवले, त्याला कारण आहे. रूट कॅनालचा उपचार आता शहरापुरता राहिलेला नाही. या गावातले शिक्षक, दुकानदार, परिचारिका, ग्रामसेवक जव्हारला, नाशिकला, ठाण्याला जाऊन तो करून घेतात. पाड्यांवरचे तरुणही कामाच्या गावी असताना करून घेऊ लागले आहेत. आणि मग दीड-दोन वर्षांनी एक तक्रार हमखास कानी येते: “डॉक्टर, एवढे पैसे घातले, चार खेपा मारल्या, आणि दाढ उभी चिरली. शेवटी काढावीच लागली. मग पहिल्याच दिवशी का नाही काढली?”

हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मुळांच्या नलिकांत नाही. नलिका साफ झाल्यावर वरच्या खळग्यात काय भरले, कसे भरले आणि त्यावर काय चढवले, यात ते आहे.

उपचाराची ओळख थोडक्यात करून घेऊ. दाढेच्या बाहेर एनॅमलचे कठीण कवच, आत डेंटिनचा जाड थर आणि मध्यभागी नसा व रक्तवाहिन्या असलेला मऊ गर, अशी रचना असते. कीड गरापर्यंत पोहोचली की रात्रीची झोप उडवणारा ठणका लागतो. मग डॉक्टर दाढेच्या माथ्यावर वाट पाडून गर काढतात, मुळांतल्या नलिका केसाएवढ्या कानशींनी घासून औषधाने धुतात आणि त्यांत गटापर्चा नावाचा पदार्थ भरतात. हा मलायाकडच्या एका झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारांवर वेष्टण म्हणून हाच वापरत. नलिका बंद करण्याचे काम तो चोख करतो. पण तो रबरासारखा मऊ, त्याच्याकडून बळाची अपेक्षा करता येत नाही. बळाचा सारा प्रश्न वरच्या खळग्याचा.

त्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो लोकांत आहे आणि कित्येक वर्षे डॉक्टरांतही होता. “नस काढली की दात मरतो, सुकतो आणि वाळक्या लाकडासारखा ठिसूळ होतो,” असे म्हणतात. १९७२ साली कुत्र्यांच्या दातांवर मोजमाप झाले, त्यात गर काढलेल्या दातांत ओलावा शेकडा नऊने कमी भरला, आणि या समजुतीला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे झाले. पण १९९२ साली सेजली आणि मेसर यांनी माणसाचेच दात घेतले. एकाच माणसाचा एका बाजूचा उपचार केलेला दात आणि दुसऱ्या बाजूचा त्याचा जिवंत जोडीदार, अशा २३ जोड्या. उपचाराला सरासरी दहा वर्षे होऊन गेलेली. दोन्हींचे डेंटिन दाबून, कापून, टोचून पाहिले, तर नाव घ्यावा असा फरक निघाला नाही. कठीणपणात तेवढा शेकडा साडेतीनचा. दोन वर्षांनी ओलावाही मोजला गेला. जिवंत दातात शेकडा १२.३५ आणि उपचारितात १२.१० भरला. एवढ्याने काही लाकूड वाळत नाही.

मग दाढ चिरते का? याचे सर्वांत स्वच्छ उत्तर १९८९ साली अमेरिकेतल्या रीह, मेसर आणि डग्लस या तिघांनी दिले. त्यांनी काढलेल्या उपदाढा घेतल्या, त्यांवर एकेक क्रिया करत गेले आणि प्रत्येक पायरीला दाताचा ताठपणा किती उतरला ते मोजले. रूट कॅनालसाठी माथ्यावर वाट पाडली, नलिका घासल्या, भरल्या. ताठपणा उतरला शेकडा पाच. माथ्यावर कीड काढल्यासारखा खळगा केला, तर शेकडा वीस. आणि पुढची-मागची अशा दोन्ही कडा कापणारा खळगा केला, तर शेकडा त्रेसष्ट!

या आकड्यांचा अर्थ मोखाडा-जव्हारच्या माणसाला समजावून सांगायला आम्हांला फार लांब जावे लागत नाही. बांबूची टोपली विणून झाली की कडेला जाड कामटीची गोल वळी बांधतात. टोपलीच्या तळाला भोक पडले तरी ती बरेच दिवस चालते. पण कडेची वळी एका जागी तुटली की टोपली पसरते आणि दोन जागी तुटली की तिच्या बाजू दोहींकडे उघडतात. दाढेच्या माथ्याच्या पुढे-मागे ज्या दोन कडा असतात, शेजारच्या दाढांना टेकणाऱ्या, तीच ही वळी. कीड नेमकी तिथेच लागते, कारण अन्न तिथे अडकते. म्हणजे रूट कॅनालमुळे दाढ अशक्त होते असे नव्हे. जी दाढ आधीच कडा गमावून बसली आहे, तिच्यावरच बहुधा रूट कॅनालची पाळी येते.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. गराच्या खोलीचे छत काढल्यावर दाढेच्या बाजूच्या भिंती आतून उंच होतात. माथ्यावरचे उंचवटे हे या भिंतींचे शेंडे. चावताना ते बाहेर ढकलले जातात आणि भिंत जितकी उंच तितकी तिच्या बुडाशी ओढ जास्त. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. जिवंत दाताला आपल्यावर भार किती आला हे कळते. नागलीच्या भाकरीत जात्याच्या दगडाची कच आली की जबडा क्षणात उघडतो, तो आपल्या हुकमाची वाट पाहत नाही. १९८६ साली रँडो आणि ग्लँट्झ या स्वीडनच्या संशोधकांनी दाखवले की गर नसलेल्या दाताला ही इशाऱ्याची जाणीव व्हायला दुपटीहून अधिक भार लागतो. आषाढात ओहळाचे खेकडे फोडणारी, सुपारी दाढेने तोडणारी आपली माणसे. त्यांच्या पुऱ्या ताकदीच्या दाढेवर साठ-सत्तर किलोपर्यंत भार येऊ शकतो. बहिरी झालेली दाढ तो निमूट सोसते, आणि एके दिवशी ‘कट्’ असा आवाज येतो.

आता भरण्याच्या पदार्थांकडे येऊ. त्यांचे बळ मोजताना पहिला आकडा दिला जातो तो दाबाचा: एक चौरस सेंटिमीटर तुकडा किती किलो भाराखाली फुटतो? आपले डेंटिन सुमारे तीन हजार किलो सोसते. आधुनिक, तांबे अधिक असलेली ‘चांदी’ आठवडाभराने चार-पाच हजार. दातांच्या रंगाचे कॉम्पोझिट अडीच ते साडेतीन हजार. ग्लास आयोनोमर सिमेंट हजार ते दोन हजार. लवंगेच्या तेलाचे तात्पुरते सिमेंट पाचशेच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. हा तक्ता पाहून कोणीही म्हणेल, चांदी भरा आणि मोकळे व्हा! आमच्या मते फसगत होते ती इथेच. भिंतीतला दगड कितीही मजबूत असला तरी भिंत एकसंध राहते ती दगड एकमेकांना धरून असतील तर. पदार्थ स्वतः फुटतो की नाही हा दुय्यम प्रश्न झाला. तो दाढेला फुटू देतो की नाही, हा मुख्य.

चांदीचेच पाहा. चांदी, कथील आणि तांबे यांची पूड जवळजवळ तितक्याच वजनाच्या पाऱ्यात घोटून होणारे हे मिश्रण. शिकागोच्या ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी १८९५ साली त्याचे प्रमाण बसवले आणि १९६३ साली कॅनडात इन्स व युडेलिस यांनी तांबे वाढवून ते सुधारले. स्वभावाने ते सहनशील आहे. थोडी लाळ लागली, हात थोडा कच्चा पडला, तरी निभावून नेते. कडेला त्याचा गंज साचून फट आपोआप बुजते, त्यामुळे पुन्हा कीड लागण्याचे प्रमाणही कमी. पण त्याचे दोन दोष आहेत. ते दाबाखाली पहिलवान असले तरी ताणाखाली दुबळे, दाबाच्या सुमारे आठव्या हिश्श्याएवढेच. आणि ते दाढेला चिकटत नाही. खळग्यात नुसते अडकून बसते. दोन्ही कडा गेलेल्या दाढेत ते भिंतींना जोडत तर नाहीच, उलट वरून भार आला की लाकडातल्या पाचरीसारखे वागते. डेन्मार्कमध्ये हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी रूट कॅनाल केलेल्या, चांदी भरलेल्या सोळाशेवर मागच्या दातांची नोंद तपासून १९९० साली प्रसिद्ध केली. वरच्या उपदाढांत दोन्ही कडा कापून चांदी भरलेली असेल, तर तीन वर्षांत शेकडा अठ्ठावीस फुटल्या होत्या.

कॉम्पोझिटची गोष्ट उलट. १९५५ साली बुओनोकोर यांनी दाखवले की एनॅमलवर सौम्य आम्ल लावून ते खरखरीत केले की राळ त्याला धरते. १९६२ साली बोवेन यांनी काचेची पूड मिसळलेली नवी राळ सिद्ध केली. आज निळ्या प्रकाशाने कडक होणारे जे मिश्रण आपण पाहता, त्याचे मूळ या दोघांत आहे. ते भिंतींना चिकटते, म्हणून दुभंगू पाहणाऱ्या दाढेला आतून बांधून ठेवते. मात्र ते मानी आहे. कडक होताना शेकडा दोन-तीन आकसते आणि भिंतींना आत ओढते; म्हणून दोन-दोन मिलिमीटरचे थर देत, सावकाश, पूर्ण कोरड्या दातात भरावे लागते. रूट कॅनाल झालेल्या दाढेत आणखी दोन वैरी दबा धरून बसलेले असतात. तात्पुरत्या सिमेंटातले लवंगेचे तेल राळेला नीट घट्ट होऊ देत नाही. आणि नलिका ज्या औषधाने धुतात, ते सोडियम हायपोक्लोराइट डेंटिनमध्ये प्राणवायू मागे ठेवते, त्यानेही चिकटण्याची शक्ती घटते. यावर उतारा मात्र मजेचा आहे: आवळ्यात ज्याच्यासाठी आपण गुण शोधतो त्या ‘क’ जीवनसत्त्वाचाच एक क्षार दातात काही वेळ ठेवला, की ती शक्ती पुष्कळशी परत येते.

म्हणून “कॉम्पोझिट भरले” एवढे ऐकून समाधान मानू नये. ते घाईने, ओल्यात, एकाच लोंढ्याने भरले असेल तर चांदीहून वाईट. इटलीचे मान्नोची आणि सहकारी यांनी २००५ साली पाच वर्षांची तुलना मांडली, तिचा निकाल असाच दुहेरी होता: काचतंतूची काडी व कॉम्पोझिट यांनी मुळे चिरण्यापासून दात अधिक वाचले, पण नवी कीड चांदीच्या दातांत कमी लागली.

तिसरे ग्लास आयोनोमर. लंडनच्या सरकारी रसायनशाळेत विल्सन आणि केंट यांनी ते शोधले व १९७२ च्या सुमारास जगापुढे आणले. ते दाताला रासायनिक रीतीने चिकटते, थोडे फ्लोराइड सोडत राहते, आणि त्याला दिवा लागत नाही, वीज लागत नाही. टांझानियात १९८० नंतरच्या दशकात, केवळ हातातल्या अवजारांनी कीड खरवडून हे सिमेंट भरण्याची पद्धत बसली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली तिचा पुरस्कार केला. श्रावणात चार-चार तास वीज जाणाऱ्या गावाला ही काही लहान सोय नव्हे. पण पोखरलेल्या दाढेचा सारा माथा एकट्या ग्लास आयोनोमरने उभारणे म्हणजे नुसत्या मातीने घराचा खांब करणे. तळाला, नलिकांच्या तोंडावर ते उत्तम. माथ्यावर कायमचे म्हणून नको.

तर मग माथ्यावर काय? याला उत्तर एकच आहे आणि ते बैलगाडीच्या चाकाने आपल्याला कधीच शिकवले आहे. लाकडी पाट्या कितीही चांगल्या असोत, त्यांवर लोखंडी धाव चढवल्याशिवाय चाक रस्त्याला लागत नाही. तुटलेली वळी बाहेरून पुन्हा बांधायची, भिंतींचे शेंडे झाकायचे, म्हणजे भार त्यांना बाहेर ढकलण्याऐवजी सरळ मुळांकडे उतरतो. लोक जिला ‘कॅप’ म्हणतात ती हीच धाव. अमेरिकेत आयोवा येथे अक्विलिनो आणि कॅपलन यांनी २००२ साली दाखवले की कॅप न घातलेले उपचारित दात, घातलेल्यांच्या सहापट वेगाने गमवावे लागले. थायलंडमधल्या २००५ सालच्या अभ्यासात कॅपविना राहिलेल्या दाढा एका वर्षाने शंभरात शहाण्णव शाबूत होत्या, दोन वर्षांनी अठ्ठ्याऐंशी आणि पाच वर्षांनी अवघ्या छत्तीस. पहिली दोन वर्षे दाढ काही बोलत नाही, म्हणूनच मनुष्य बेफिकीर राहतो. त्याच अभ्यासात ज्या दाढांच्या भिंती बहुतेक शिल्लक होत्या, त्यांतल्या मात्र पाच वर्षांनी अठ्ठ्याहत्तर टिकल्या. म्हणजे प्रत्येक दाढेला कॅप पाहिजेच असेही नाही. दोन्ही कडा धडधाकट असलेली दाढ चांगल्या कॉम्पोझिटवर निभावते, आणि पटाशीच्या दातांना तर माथ्यावर आडवा भार घेणारे उंचवटेच नसतात. त्यांना मागचे छिद्र नीट बुजवले की बहुधा पुरते. त्यांच्यावरही सरसकट कॅप चढवण्याची जी चाल दिसते, ती आम्हांला पसंत नाही. चांगला दात त्यासाठी घासून जातो.

कॅप घालतानाही तिच्या खाली हिरडीच्या वर दीड-दोन मिलिमीटर तरी खरा दात सभोवार लागतो. मुसळाच्या टोकाचे लोखंडी कडे लाकडाला धरून बसते, हवेला नव्हे. मुळात सळई घालून दात ‘मजबूत’ केला असे कोणी सांगितले तर तेही पारखून घ्यावे. १७२८ साली पॅरिसच्या फोशार यांनी मुळात सोन्या-चांदीची मेख बसवण्याचे वर्णन केले तेव्हापासून ही कल्पना चालत आली आहे. पण १९७९ साली गझी आणि निकोल्स यांनी भार देऊन पाहिले, तेव्हा मेखेमुळे दाताचे बळ वाढल्याचे दिसले नाही. मेख वरची भर धरून ठेवण्यापुरती. धातूचा स्क्रू पिळून बसवला तर मूळच उभे चिरण्याची भीती, आणि उभे चिरलेले मूळ सांधत नाही.

आता या मुलखाचे बोलू. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली, की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, ठाणे, नाशिककडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. होळीला येतात, पुष्कळ जण पुन्हा जातात. दातांच्या डॉक्टरांच्या खेपा मात्र आठवड्या-आठवड्याने असतात. दोन खेपा झाल्या, ठणका थांबला, तात्पुरते सिमेंट भरले आणि मनुष्य भट्टीवर गेला, असे अनेकदा घडते. त्या सिमेंटाची मर्यादा ओळखली पाहिजे. टोराबिनेजाद आणि सहकाऱ्यांनी १९९० साली वरून उघड्या ठेवलेल्या, भरलेल्या नलिका तपासल्या. निम्म्याहून अधिक मुळांत एका जातीचे जंतू १९ दिवसांत आणि दुसऱ्या जातीचे ४२ दिवसांत टोकापर्यंत पोहोचले. मऊ सिमेंट पंधरवडा-तीन आठवडे वेळ निभावते. दिवाळीपासून होळीपर्यंत चार महिने होतात. मग मूळ आतून पुन्हा नासते, नाहीतर भिंत पडते, आणि दोष रूट कॅनालवर येतो.

म्हणून स्थलांतर करणाऱ्या रुग्णाची दाढ वेगळ्या विचाराने भरली पाहिजे. शक्य तर नलिकांचे काम एकाच बैठकीत संपवावे. अनेक दाढांत ते होते. नलिकांच्या तोंडावर ग्लास आयोनोमर भरावे. भिंतींचे शेंडे दोन-तीन मिलिमीटर उतरवून त्यांच्यावरूनच कॉम्पोझिटचे, किंवा जिथे अजून चांदी भरतात तिथे चांदीचे, आच्छादन करावे; कॅप परवडत नाही त्याला हीच कॅप, आणि ती एका बैठकीत होते. नाशिकच्या किंवा मुंबईकडच्या प्रयोगशाळेतून कॅप घडून येण्याची वाट पाहावी लागत नाही. चांदीचे आच्छादन असेल तर त्या दिवशी त्या बाजूने चावायचे नाही, कारण पहिल्या तासात तिचे बळ पुष्कळदा निम्मेच असते.

चांदीबद्दल एक शंका आपल्या मनात असेल ती पाऱ्याची. २०१३ च्या मिनामाता करारान्वये जग पारा कमी करत आहे, भारताने २०१८ साली तो मान्य केला, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून दातांत चांदी भरणे, अपवाद सोडता, बंद केले. तोंडात पूर्वीच भरलेली, शाबूत असलेली चांदी उकरून काढायची मात्र गरज नाही. उकरतानाच पाऱ्याची वाफ अधिक सुटते. खरी काळजी दवाखान्यातून मोरीत जाणाऱ्या भुकटीची. इथल्या वैतरणेचे पाणी मुंबई पिते, हे आपल्याला सांगायला नको.

आणि ज्याला आच्छादनाइतकाही वेळ नाही, उद्या पहाटेच्या गाडीने जायचे आहे, त्याच्यासाठीही एक उपाय आहे. दातांना तारा लावताना दाढेभोवती जी पातळ पोलादी पट्टी बसवतात, तीच पोखरलेल्या दाढेभोवती सिमेंटाने बसवावी आणि माथा थोडा घासून समोरच्या दाढेच्या भारातून सोडवावा. दिसायला ओबडधोबड, पण कामाला धावच. ती घालून गेलेला माणूस होळीला परत आला, की पट्टी काढून कायमचे काम करता येते. तेवढ्यासाठी दोन गोष्टी रुग्णाने स्वतः विचारायच्या: “भरलेले तात्पुरते आहे की कायमचे?” आणि “दाढेच्या दोन्ही कडा शाबूत आहेत का?” दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल आणि दाढेवर आच्छादन, पट्टी, कॅप यांपैकी काहीच घालता येणार नसेल, तर त्या दाढेवर रूट कॅनालचा खर्च करू नये, काढून टाकावी, असेच आम्ही सांगतो.